सिंह दिसला, गोचीड दिसली नाही

पासपोर्ट कुरियरने परत आले ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी. तिन्ही पासपोर्टांत दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा चिकटवलेला. मी लगेच फोटो काढून सासूबाईंना पाठवला, नवऱ्याने ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. लेक आठवीत आहे आणि हातात पडेल ते वाचायची तिला सवय आहे. तिने विचारलं, "आई, इथे 'सिंगल एंट्री' का लिहिलंय? आपण दोनदा जाणार ना?"

खरंच दोनदा जाणार होतो. बेत असा होता: मुंबईहून इथिओपियातल्या आदिस अबाबामार्गे जोहान्सबर्ग, तिथून क्रूगर अभयारण्य, मग विमानाने झिम्बाब्वेतला व्हिक्टोरिया धबधबा, बोट्स्वानातलं चोबेचं जंगल, आणि पुन्हा जोहान्सबर्गला येऊन परतीचं विमान. म्हणजे दक्षिण आफ्रिकेत प्रवेश दोन वेळा. एजंटने अर्जात एकच प्रवेश लिहिला होता. सही आमची होती. बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट, त्यावर शिक्का, सुट्टी मंजूर झाल्याचं पत्र, हॉटेलांची बुकिंगं हे सगळं आम्ही चार-चारदा तपासलं होतं. अर्ज काळ्या शाईनेच भरलाय ना, हेसुद्धा पाहिलं. त्या एका चौकोनात काय लिहिलंय ते मात्र कोणीच वाचलं नाही. दसऱ्याला घरात सोनं वाटायचं सोडून आम्ही विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात डोकं खुपसून बसलो. निघायला सोळा दिवस उरलेले. व्हिसा नव्याने करायला वेळ नव्हता. शेवटी जोहान्सबर्गला परत यायचंच नाही, व्हिक्टोरिया फॉल्सहूनच आदिस अबाबाचं विमान पकडायचं, असं ठरलं. तिकीट बदलायचे पैसे गेले ते गेलेच. एजंट म्हणाला, "मॅडम, सगळे सिंगलच घेतात."

झिम्बाब्वे आणि बोट्स्वानाचे व्हिसे आम्ही घरी बसून ऑनलाइन काढले. तिथे एजंट नव्हता म्हणून असेल, काही गडबड झाली नाही.

पण खरी सुरुवात जुलैतली. आदिसमार्गे तिकीट स्वस्त मिळालं म्हणून घेतलं आणि चार दिवसांनी शेजारच्या काकांनी सहज विचारलं, "यलो फीव्हरची लस घेतली का?" काका मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना या गोष्टी तोंडपाठ. गंमत म्हणजे आम्ही जाणार होतो त्या तिन्ही देशांत पिवळा ताप नाहीच. तो इथिओपियात आहे, आणि आमचं विमान तिथे थांबणार होतं. दक्षिण आफ्रिकेचा नियम असा की अशा देशाच्या विमानतळावर बारा तासांपेक्षा जास्त थांबलात, तर लसीचं कार्ड दाखवा. आम्ही तीनच तास थांबणार होतो, त्यामुळे त्यांचा प्रश्न नव्हता. प्रश्न परत येताना आपल्या घरच्यांचा होता. भारतात पिवळा ताप नाही, पण तो पसरवणारा एडिस डास मुबलक आहे. एक रोगी आला तर काय होईल, या भीतीने आपलं सरकार याबाबत फार कडक आहे. पिवळा ताप असलेल्या देशातून कार्ड नसताना आलात, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. विमानतळाबाहेर पाऊलच टाकलं नाही असं सांगून सुटका होऊ शकते, पण ते तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याला पटलं पाहिजे. काका म्हणाले, "वाद घालत बसण्यापेक्षा सुई टोचून घे."

ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. आम्ही वेळ ठरवून मुंबईच्या केंद्रावर गेलो. रांगेत निम्म्याहून जास्त मुलं जहाजावर चढणारी होती, कोणी रत्नागिरीचा, कोणी देवगडचा, प्रत्येकाच्या हातात कंपनीची फाइल. एका मुलाची आई सोबत आली होती आणि तिने डॉक्टरांना विचारलं, "याला अंडं चालत नाही, म्हणजे आम्ही खात नाही." डॉक्टर शांतपणे म्हणाले, "खात नाही ते वेगळं. खाल्लं तर अंगावर उठतं का, ते सांगा." लस कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात, म्हणून अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांना ती देत नाहीत. गरोदर बायकांना शक्यतो टाळतात, आणि साठीपुढच्यांना पहिल्यांदाच द्यायची तर विचार करून देतात, कारण लसीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. सासूबाईंना आमच्याबरोबर यायचं होतं, वय एकाहत्तर. त्या दिवशी त्यांचा बेत तिथेच रद्द झाला. त्यांना राग आला तो माझा, इथिओपियाचा नव्हे.

ही लस ज्यांनी तयार केली आणि त्यासाठी १९५१ चं नोबेल मिळवलं, ते मॅक्स थायलर प्रिटोरियात जन्मलेले. न्यूयॉर्कमध्ये काम केलं, पण पोरगा दक्षिण आफ्रिकेचा. हे मला रांगेत मोबाइलवर वाचताना कळलं आणि उगाच बरं वाटलं.

लसीचं पिवळं कार्ड सुई टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. पूर्वी त्याची मुदत दहा वर्षं होती. २०१६ पासून ते जन्मभर चालतं. कार्डावर पासपोर्ट नंबर हाताने लिहितात. माझ्या कार्डावर एक आकडा चुकला होता, तो तिथल्या तिथे दुरुस्त करून शिक्का मारून घेतला. घरी जाऊन बघू म्हटलं असतं तर पुन्हा पुण्याहून मुंबई.

आता जन्मदाखल्याची कथा. या भागातल्या देशांना लहान मुलांच्या पळवापळवीची फार धास्ती आहे. दक्षिण आफ्रिकेने २०१५ साली आणि बोट्स्वानाने पुढच्या वर्षी नियम केला, की अठराखालच्या मुलाबरोबर आईबाप दोघांची नावं असलेला पूर्ण जन्मदाखला हवा. एकच पालक बरोबर असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्रही. दक्षिण आफ्रिकेने पुढे हे बरंच सैल केलं, पण व्हिसाच्या अर्जाला दाखला लागलाच. लेकीचा दाखला होता, इंग्रजीतही होता. फक्त त्यावर आईचं नाव माझं नव्हतं. म्हणजे माझंच होतं, पण सासरचं. आमच्या लग्नात तांदळात अंगठीने जे नाव लिहिलं गेलं ते मी कुठल्याच कागदावर लावलं नाही. पासपोर्ट, पॅन, बँक सगळीकडे माहेरचं. पण लेक झाली तेव्हा मी दवाखान्यात झोपलेली, फॉर्म सासऱ्यांनी भरला, आणि त्यांनी प्रेमाने सुनेचं नवं नाव लिहिलं. तेरा वर्षं कोणाचं काही अडलं नव्हतं.

"म्हणजे कायद्याने मी कोणाची मुलगी?" लेकीने हे इतक्या आनंदाने विचारलं की मला धपाटा घालावासा वाटला.

दाखल्यातलं नाव बदलायला महिने गेले असते. मग वकिलांकडून प्रतिज्ञापत्र केलं, की ही दोन्ही नावं धारण करणारी व्यक्ती एकच. सोबत विवाह नोंदणीचा दाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर, नोटरीचा शिक्का. हा सगळा गठ्ठा प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून पंधरा दिवस मी पाठीवर वागवला.

मलेरियाबद्दल आमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. "आपल्याकडे काय डास कमी आहेत?" बरोबरच होतं एका अर्थी. पण ज्या संसर्गतज्ज्ञांकडे आम्ही पुढे गेलो, ते हसले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की त्या भागात मलेरिया म्हणजे बहुतेक वेळा फॅल्सिपॅरम जातीचा, दोन-चार दिवसांत मेंदू-मूत्रपिंडापर्यंत जाणारा. केपटाऊन-जोहान्सबर्गला काही नको, पण क्रूगरच्या सखल भागात सप्टेंबर ते मे हा मलेरियाचा हंगाम, आणि झांबेझी नदीच्या काठी, चोबेत तर गोळ्या हव्यातच. दोन पर्याय पुढे ठेवले. एक डॉक्सिसायक्लिन: स्वस्त, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारं, रोज एक, पण परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायचं. उन्हात त्वचा भाजते, आणि गोळी घशात रेंगाळली तर अन्ननलिकेला जखम करते. म्हणून भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दुसरा ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल: महाग, पुण्यात मिळेना, पण परतल्यावर सातच दिवस.

नवऱ्याला ॲसिडिटी. तो म्हणाला, "तुमच्या त्या स्वस्तातल्या गोळ्या तुम्ही घ्या, मला नको ती भानगड." त्याच्यासाठी मुंबईहून औषध मागवलं. मी आणि लेक स्वस्तातल्या.

दागिन्यांवरून वेगळंच रामायण झालं. जोहान्सबर्गच्या रस्त्यावर गळ्यात सोनं नको, हे जो जाऊन आला त्याने सांगितलेलं. मी मंगळसूत्र कपाटात ठेवलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, निघायच्या सकाळी फक्त काळ्या मण्यांचा एक साधा सर हातात दिला. माझ्यावरचा राग अजून गेलेला नव्हता, पण सर मात्र माझ्या मापाचा ओवून आणला होता.

२७ ऑक्टोबरला निघालो. जोहान्सबर्गच्या विमानतळावर अंगाचं तापमान यंत्राने बघितलं, काउंटरवर बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला. लेकीला बोटं दाबायची मजा वाटली. दुसऱ्या दिवशी कॉन्स्टिट्यूशन हिलवरच्या जुन्या तुरुंगात गेलो. याच शहरात भारतीय लोकांनी नोंदणीच्या आणि ठशांच्या सक्तीविरुद्ध १९०८ साली आपले परवाने जाळले आणि गांधीजींना याच तुरुंगात ठेवलं होतं, हे तिने तिथे वाचलं आणि आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली. मी काही शिकवायला गेले नाही.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाई तमिळ वंशाच्या, पाचवी पिढी. त्यांनी पहिल्या संध्याकाळी चहाबरोबर सूचना दिल्या. "रोबोटपाशी काच खाली करायची नाही. रोबोटपाशी मांडीवर पर्स नाही, सीटवर फोन नाही." नवऱ्याने मान डोलावली. खोलीत आल्यावर मला विचारतो, "रोबोट कुठे असतात गं?" तिकडे सिग्नलला रोबोट म्हणतात. लाल दिव्याला थांबलेल्या गाडीची काच फोडून हाताला लागेल ते उचलून पळायचं, ही तिथली नेहमीची चोरी. म्हणून सगळं सामान डिकीत, आणि तेही निघतानाच भरायचं, वाटेत कोणासमोर डिकी उघडून दाखवायची नाही. एटीएमवर कोणी गोड बोलून मदतीला आला तर कार्ड काढून चालू पडायचं. पेट्रोल पंपावर कार्डाचं मशीन गाडीपाशी आणतात, कार्ड आपल्या नजरेआड जाऊ द्यायचं नाही. आणि निर्जन रस्त्यावर पोलीस म्हणून कोणी निळा दिवा लावून थांबवलं आणि शंका आली, तर गाडीचे चारही इंडिकेटर लावून हळूहळू जवळच्या पोलीस ठाण्यापर्यंत किंवा गजबजलेल्या पंपापर्यंत जायचं. बाई हे सगळं घाबरवण्याच्या सुरात सांगत नव्हत्या. आपण पाहुण्यांना लोकलच्या गर्दीत पाकीट पुढच्या खिशात ठेवायला सांगतो, तसं.

गाडी आम्हीच चालवली. तिकडेही आपल्यासारखं डावीकडून चालवतात, आपला इंग्रजीतला परवाना चालतो, रस्ते असे की नवरा भावुक झाला. आमच्याशी कोणी एकदाही वाईट वागलं नाही. अंधार पडल्यावर चालवायचं नाही हा नियम आम्ही पाळला, चोरांपेक्षा रस्त्यात येणाऱ्या जनावरांच्या भीतीने.

क्रूगरला मलेलान फाटकातून शिरलो. त्या आठवड्यात शेजारच्या मोझांबिकमध्ये निवडणुकीच्या निकालावरून दंगे पेटले होते, आणि आम्ही ज्या महामार्गाने आलो त्याच्याच टोकाला असलेला लेबोम्बोचा सीमानाका पुढे काही दिवस बंद ठेवावा लागला. आमच्या मुक्कामापासून हे तासाभराच्या अंतरावर. आत मात्र इम्पाला हरणं चरत होती. लक्ष्मीपूजन आम्ही तंबूबाहेर बॅटरीच्या पणत्या लावून केलं.

दुसऱ्या दिवशी, पाडव्याला पहाटे, चालत जंगलात. बारा वर्षांखालच्यांना नेत नाहीत. पुढे दोन बंदूकधारी मार्गदर्शक, मागे एका ओळीत आपण. न बोलता. सिंह दिसला, दोन-अडीचशे मीटरवर, दगडावर उन्हं खात. माझ्या पोटऱ्या इतक्या थरथरत होत्या की मला त्या स्वतःच्या वाटेनात. मार्गदर्शकाने आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं: लांब पँट, पायमोजे वर ओढून, परत आल्यावर अंग तपासा, गवतात गोचिडी असतात. मी आणि लेकीने ऐकलं. नवऱ्याने उकाड्यामुळे अर्धी चड्डी घातली. अंग तपासायचं कोणालाच आठवलं नाही. सिंहाबद्दल बोलण्यात सकाळ गेली.

व्हिक्टोरिया फॉल्सला नोव्हेंबरात पाणी कमी, त्यात ते दुष्काळाचं वर्ष. पलीकडच्या झांबियाच्या बाजूला बराचसा कोरडा कडाच दिसत होता, झिम्बाब्वेच्या बाजूला मात्र पाणी होतं आणि आम्ही भिजलो. डॉलरच्या छोट्या, न चुरगळलेल्या नोटा नेल्या होत्या त्याचा उपयोग झाला, सुट्टे कोणाकडेच नसतात. गावातून संध्याकाळी हत्ती फिरतात, म्हणून दिवेलागणीनंतर चारशे मीटरवरच्या हॉटेलात जायलाही टॅक्सी. नदीत हातसुद्धा घालायचा नाही हे पोरीला दोनदा सांगावं लागलं, मगरी तर आहेतच, पण साचलेल्या गोड्या पाण्यात बिलहार्झिया नावाच्या रोगाचे जंतू कातडीतून आत शिरतात.

बोट्स्वानाच्या सीमेवर, कझुंगुलाला, गाडीतून उतरवून औषधात भिजवलेल्या चटईवर बूट टेकवायला लावतात. गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगासाठी. बोट्स्वाना गोमांस निर्यात करतं, त्यामुळे माणसाच्या तापापेक्षा बैलाच्या खुराची काळजी जरा जास्तच. आमचा ड्रायव्हर खुशीत होता; स्वातंत्र्यापासून अठ्ठावन्न वर्षं सत्तेत असलेला पक्ष नुकताच हरला होता. काउंटरवरच्या बाईंनी लेकीचा पासपोर्ट पाहिला, जन्मदाखला मागितला, वाचला आणि मान वर केली. "हिची आई कुठे आहे?"

"मीच."

"इथे दुसरं नाव आहे."

मी गठ्ठा काढला. प्रतिज्ञापत्र, विवाह दाखला, भाषांतर. त्यांनी सावकाश वाचलं, मग विचारलं, "लग्नात तुमचं पहिलं नावसुद्धा बदलतात? आडनावच नाही?" हो म्हटलं. त्यांनी शेजारच्या सहकारी बाईंना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, दोघी खूप हसल्या, आणि शिक्का पडला.

९ नोव्हेंबरला व्हिक्टोरिया फॉल्सहून निघालो. मुंबईत उतरल्यावर पासपोर्टच्या रांगेआधी आरोग्य विभागाचं टेबल होतं. तिथे पिवळी कार्डं बघून सोडलं. आमच्या पुढच्या गृहस्थांना बाजूला बसवलं होतं, ते फोनवर कोणाला तरी "कपाटात, वरच्या कप्प्यात, पिवळं, पिवळं" असं ओरडून सांगत होते.

पुण्यात पोचलो त्याच रात्री नवऱ्याला ताप भरला. एकशे दोन, डोकं ठणकतंय, अंग मोडून आलंय. सासूबाई म्हणाल्या, प्रवासाचा शीण. मी त्याला तसाच गाडीत घातला, कारण संसर्गतज्ज्ञांनी बजावलं होतं: परतल्यावर महिनाभरात ताप आला तर वाट बघायची नाही, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं, आफ्रिकेतून आलोय. मलेरियाची तपासणी झाली, नाही निघाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, नाही. तिसऱ्यांदाही नाही. डेंग्यूही नाही.

तिसऱ्या दिवशी जे डॉक्टर राउंडला आले त्यांचं शिक्षण नागपूरचं. त्यांनी रिपोर्ट चाळले आणि म्हणाले, "कपडे काढा." नवरा बिचकला. त्यांनी काखा पाहिल्या, जांघा पाहिल्या, तिथे एक गाठ सुजलेली होती. मग उलटं झोपवून गुडघ्याची मागची लवण पाहिली. तिथे वाटाण्याएवढी काळी खपली, भोवती लाल कडं, सिगारेटचा चटका बसावा तशी. नवरा म्हणाला, "ते काटा लागलाय."

"हा काटा आठ पायांचा होता," डॉक्टर म्हणाले. २०१८ साली नागपुरात स्क्रब टायफसची साथ आली तेव्हा ते तिथे शिकत होते आणि अशा खपल्या शोधायची त्यांना सवय लागली होती. तो आजार माइट नावाच्या बारीक किड्यामुळे होतो, हा आफ्रिकेतल्या गोचिडीमुळे, पण जंतू लांबचे भाऊबंद, आणि खपली तशीच. वेळेवर कळलं तर घाबरण्यासारखं काही नाही. औषधही एकच: डॉक्सिसायक्लिन, शंभर मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस.

मला आणि लेकीला काही झालं नाही, ते लांब पँटमुळे की रोजच्या गोळीमुळे, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही असेल."

घरी आलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा, कोपऱ्यावरचं दुकान बंद. माझा कोटा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा होता, पाकिटं स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याशेजारी. नवरा दारात उभा राहून बघत होता.

"तुझ्या त्या स्वस्तातल्या गोळ्यांतली एक देतेस का गं?"

दिली. तांब्याभर पाणी पाजलं आणि अर्धा तास ताठ बसवून ठेवला.